पणत्या विझल्या की मंदावल्या? एचआयव्ही, आकलनशक्तीचा ऱ्हास आणि मेंदूतील जनुके

हे टिपण माहिती-विश्लेषण शिकणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बारावीनंतर जीवशास्त्राशी संबंध सुटलेला असला तरी चालेल. सरासरी, प्रमाण विचलन आणि पी-मूल्य या तीन गोष्टी मात्र आठवत असाव्यात.

विषय असा. एचआयव्हीचा संसर्ग असलेल्या काही व्यक्तींची स्मरणशक्ती, एकाग्रता आणि विचारांचा वेग हळूहळू कमी होतो. अशा व्यक्तींच्या मृत्यूनंतर, कुटुंबाच्या संमतीने, त्यांच्या मेंदूतील हजारो जनुकांची सक्रियता मोजली गेली आहे. ते आकडे कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. ते कसे वाचायचे आणि वाचताना कुठे फसायला होते, हे आपण पाहणार आहोत. फसण्याबद्दल जरा अधिक बोलेन, कारण गेल्या वर्षी माझे चार विद्यार्थी आणि त्यांची मार्गदर्शक म्हणून मी, असे पाचही जण त्यात फसलो होतो.

विषाणू मेंदूत जाऊन काय करतो

एचआयव्ही मेंदूत जातो म्हणजे तो चेतापेशींत शिरतो, असा समज सहज होतो. तसे नाही. या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी४ नावाचे प्रथिन लागते आणि चेतापेशींवर ते नसते. विषाणू येतो तो रक्तातील मोनोसाइट या संरक्षक पेशींच्या आत बसून. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींचा एक घट्ट अडसर असतो, पण संरक्षक पेशींना तो काही प्रमाणात ओलांडता येतो. पहारेकऱ्याला दार उघडले आणि त्याच्या अंगरख्यात चोर होता, असा प्रकार. आत आल्यावर विषाणूचा मुक्काम मुख्यतः रक्तवाहिन्यांभोवतीच्या भक्षक पेशींत आणि मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशींत असतो.

मग चेतापेशींचे नुकसान होते कसे? संसर्ग झालेल्या पेशी विषाणूची काही प्रथिने बाहेर टाकतात. त्यांपैकी टॅट आणि जीपी१२० ही दोन चेतापेशींना अपायकारक आहेत. शिवाय चिडलेल्या संरक्षक पेशी दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. घरात चोर शिरला आणि त्याला हुसकावताना घरच्यांनीच भांडीकुंडी फोडली, तर सकाळी नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे? या रोगात ते दोन्ही खात्यांवर मांडावे लागते.

१९८६ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन ‘एड्स डिमेन्शिया कॉम्प्लेक्स’ या नावाने झाले. तेव्हा परिणामकारक औषधे नव्हती आणि रुग्ण काही महिन्यांत चालणे-बोलणे गमावत. १९९६ पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला आणि चित्र पालटले. भारतात सरकारी केंद्रांतून हा उपचार मोफत मिळू लागला तो १ एप्रिल २००४ पासून. तीव्र स्मृतिभ्रंश आता क्वचित दिसतो, सौम्य ऱ्हास मात्र हटलेला नाही. अमेरिकेत १,५५५ व्यक्तींवर झालेल्या ‘चार्टर’ या अभ्यासात (२०१०) ५२ टक्के लोकांत आकलनशक्तीची काहीतरी कमतरता आढळली; स्मृतिभ्रंश म्हणावा अशी अवस्था सुमारे २ टक्क्यांत होती.

सौम्य म्हणजे बिनमहत्त्वाचा, असे समजू नका. गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची असते. विसरभोळेपणामुळे ती चुकली की विषाणू वाढतो, विषाणू वाढला की विसरभोळेपणा वाढतो. नियंत्रण प्रणालीच्या तासाला आपण ज्याला धन प्रतिभरण म्हणतो ते हेच. केंद्रावर अशा माणसाच्या नावापुढे ‘निष्काळजी’ असा शेरा पडू शकतो आणि त्याला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते.

एक आकडा, दोन अज्ञाते

आता जनुकांकडे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी कामात नसतात. जनुक कामाला लागले की त्याची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल निघते. एखाद्या जनुकाच्या आरएनएच्या किती नकला सापडल्या, हे मोजणे म्हणजे त्या जनुकाची सक्रियता मोजणे. त्यासाठी मेंदूचा छोटा तुकडा घेतात, त्यातील सगळा आरएनए वेगळा करतात आणि एका चकतीवर टाकतात. चकतीवर प्रत्येक जनुकासाठी ठरलेल्या जागा असतात. ज्या जागी जास्त आरएनए चिकटतो ती जागा जास्त चमकते. प्रत्येक जागेची चमक हा आपला आकडा.

हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वर्गात समजावताना मी नेहमी अडखळायचे. नीट उदाहरण मिळाले ते काशीला.

माझे आजोळ काशीचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत तिथे राहिले होते. त्या रात्री देवदिवाळी असते आणि सगळे घाट पणत्यांनी भरतात. आम्ही नावेतून अमृतराव घाटासमोर आलो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांच्या नावाचा हा घाट. आता लोक त्याला राजा घाट म्हणतात, पण माझी मावशी अजून जुनेच नाव घेते. मावशी म्हणाली, “मागच्या वर्षापेक्षा यंदा दुप्पट उजेड आहे बघ.” भाच्याने लगेच मोबाइलवर प्रकाश मोजणारे ॲप उघडले. माझ्या डोक्यात मात्र दुसरेच सुरू झाले. समजा, उजेड खरोखर दुप्पट झाला आहे. म्हणजे पणत्या दुप्पट लावल्या, की पणत्या तेवढ्याच पण वाती मोठ्या? नदीच्या मध्यातून एकच आकडा मिळतो, एकूण उजेडाचा. त्यावरून हे कधीच सांगता येणार नाही.

मेंदूच्या तुकड्याचेही तसेच आहे. सोपे गणित करू. तुकड्यात १०० पेशी आहेत आणि त्यांपैकी ५ मायक्रोग्लिया. एक जनुक फक्त मायक्रोग्लियात सक्रिय आहे आणि प्रत्येक पेशी त्याच्या २० नकला काढते. एकूण १०० नकला. आता रुग्णाच्या तुकड्यात २०० नकला मिळाल्या. ५ मायक्रोग्लियांनी प्रत्येकी ४० नकला काढल्या असतील, किंवा मायक्रोग्लिया १० झाल्या असतील आणि प्रत्येकीने पूर्वीसारख्याच २० काढल्या असतील. दुसऱ्या शक्यतेत एकाही पेशीतल्या जनुकाची सक्रियता बदललेली नाही. तरी निकालात ‘जनुक दुप्पट सक्रिय’ असेच छापले जाईल. एकूण = संख्या × दर; समीकरण एक, अज्ञाते दोन.

वाढीपेक्षा घटीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. चेतापेशींमधील जोडण्यांशी संबंधित जनुकांचा आकडा निम्म्यावर आला, तर निम्म्या पणत्या विझल्या की सगळ्याच मंदावल्या? मेलेली चेतापेशी बहुतांशी परत येत नाही. मंदावलेली पेशी, तिला मंदावणारे कारण दूर केले तर, पुन्हा तेजाळू शकते. रुग्णाची गेलेली आकलनशक्ती परत येण्याची आशा धरायची की नाही, हे या एका फरकावर अवलंबून आहे.

चोवीस माणसे

या विषयातील ज्या अभ्यासाकडे मी विद्यार्थ्यांना पाठवते तो अमेरिकेतील नॅशनल न्यूरोएड्स टिश्यू कन्सॉर्शियम या मेंदू-ऊती जतन करणाऱ्या संस्थासमूहाचा आहे. बेंजामिन गेलमन आणि सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्लॉस वन या खुल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकूण २४ व्यक्ती, चार गट: संसर्ग नसलेले, संसर्ग आहे पण आकलनशक्ती ठीक असलेले, संसर्ग आणि आकलनाचा ऱ्हास आहे पण मेंदूदाह नाही असे, आणि ऱ्हास व एचआयव्ही मेंदूदाह दोन्ही असलेले. प्रत्येकाच्या मेंदूतील तीन भाग घेतले: पुढच्या भागाचे बाह्यक, श्वेतद्रव्य आणि मेंदूच्या गाभ्यातील निओस्ट्रायटम. हे आकडे जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस या सार्वजनिक भांडारात जीएसई ३५८६४ या क्रमांकाने ठेवलेले आहेत.

मेंदूदाह असलेल्या गटात जे दिसले ते अपेक्षेप्रमाणे होते, आणि मोठे होते. मेंदूतील विषाणूचा आरएनए इतर गटांच्या मानाने सुमारे हजारपट. १,९०० हून अधिक जागांची चमक बदललेली. इंटरफेरॉन या विषाणूविरोधी संदेशाला प्रतिसाद देणारी जनुके, प्रतिजन सादर करणारी जनुके आणि कॉम्प्लिमेंट या संरक्षक साखळीची जनुके जोरात वर. बाह्यकात चेतापेशींची जनुके खाली: ग्लुटामेट आणि गाबा या संदेशवाहकांशी संबंधित, जोडण्या बळकट करणारी.

खरा धक्का तिसऱ्या गटात होता. या लोकांच्याही आकलनशक्तीचा ऱ्हास झाला होता, पण मेंदूत विषाणू कमी, संरक्षक पेशींचा प्रतिसाद क्षीण, आणि बाह्यकातील चेतापेशींच्या जनुकांत तो बदलच नाही. त्यांच्यात वर गेलेली होती ती रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची जनुके. बाहेरून सारखा दिसणारा ऱ्हास, आत दोन वेगळी चित्रे. दुसऱ्या गटाचेही नवल आहे. संसर्ग असूनही ज्यांची आकलनशक्ती शाबूत होती त्यांच्या निओस्ट्रायटममध्ये जोडण्यांची काही जनुके वाढलेली दिसली. मेंदू भरपाई करत होता का? तसे म्हणण्याचा मोह मला होतो, पण एवढ्या नमुन्यांवरून मी ते परीक्षेच्या उत्तरात लिहू देणार नाही.

यातून उपचाराबद्दलचा प्रश्न उभा राहतो. मेंदूदाहाच्या चित्रात विषाणू खाली आणला तर बरे वाटण्याची शक्यता आहे. दुसऱ्या चित्रात विषाणू आधीच कमी आहे, मग आणखी कमी करून किती साधणार? तिथे कदाचित रक्तवाहिन्यांकडे पाहावे लागेल.

आणि पणत्यांचा प्रश्न? बाह्यकातील चेतापेशींच्या जनुकांची घट ही पेशी मेल्यामुळे की मंदावल्यामुळे, हे असा अख्खा तुकडा कुटून मोजलेला आकडा एकटा सांगू शकत नाही. गणिताने काही मदत होते. कोणती जनुके फक्त मायक्रोग्लियाची, कोणती फक्त चेतापेशींची हे माहीत असेल तर त्यांच्या आधारे पेशींचे प्रमाण अंदाजता येते आणि ते समाश्रयणात चल म्हणून घालता येते. अलीकडे एकेका पेशीकेंद्रकाचा आरएनए वेगळा वाचण्याचे तंत्र आले आहे. त्यात प्रत्येक पणती जवळून दिसते. पण इथेही एक खड्डा आहे. एका माणसाच्या मेंदूतून पाच हजार केंद्रके वाचली म्हणून नमुन्याची संख्या पाच हजार होत नाही. माणूस एकच राहतो.

शंभर टक्के अचूक प्रकल्प

आता आमची फजिती. माझ्या चार विद्यार्थ्यांनी हेच आकडे घेऊन ऱ्हास आहे की नाही ते ओळखणारे प्रारूप तयार केले. अचूकता १०० टक्के. अंतिम सादरीकरणात टाळ्या पडल्या, बाहेरच्या परीक्षकांनीही कौतुक केले, आणि मी गुण देऊन मोकळी झाले. रात्री झोप लागेना. मेंदूविज्ञानातील मोठमोठे गट जिथे चाचपडत आहेत तिथे चार मुलांना तीन आठवड्यांत १०० टक्के कसे मिळाले?

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला. पहिली चूक: चकतीवर ५४,६७५ जागा आहेत. मुलांनी आधी सगळ्या ७२ नमुन्यांवर चाचणी करून सर्वांत फरक दाखवणारी ५० जनुके निवडली आणि मग त्या ५० वर क्रॉस व्हॅलिडेशन केले. म्हणजे परीक्षेचे उत्तर जनुके निवडतानाच पाहून झाले होते. दुसरी चूक त्याहून साधी. ७२ नमुने म्हणजे ७२ माणसे नव्हेत. २४ माणसांचे प्रत्येकी तीन तुकडे. एकाच माणसाचे बाह्यक शिकवणीच्या गटात आणि श्वेतद्रव्य परीक्षेच्या गटात गेले, तर प्रारूप रोग ओळखत नाही, माणूस ओळखते. त्या माणसाचे वय, लिंग, मृत्यूनंतर मेंदू किती तासांनी काढला, या सगळ्याचा ठसा तिन्ही तुकड्यांवर असतोच.

मुलांना बोलावले आणि एक प्रयोग करायला सांगितला: चोवीस जणांची लेबले पत्त्यांसारखी पिसायची, ती निरर्थक लेबले लावायची आणि तोच प्रोग्राम पुन्हा चालवायचा. अचूकता नव्वदीच्या वर आली. रोगाशी काडीचा संबंध नसलेल्या लेबलांवर! एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे आपण काहीच शोधलं नाही?” मग जनुकांची निवड प्रत्येक फेरीत फक्त शिकवणीच्या गटावर केली, एका माणसाचे तिन्ही तुकडे एकाच बाजूला ठेवले, आणि आकडा इतका घसरला की सगळ्यांचे चेहरे उतरले. सुधारित अहवाल त्यांनी स्वतःहून पुन्हा जमा केला. पहिल्यापेक्षा तो कितीतरी चांगला होता, पण गुणपत्रिका तोवर गेली होती.

तिसरी गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी आकडा लिहून ठेवा. ५४,६७५ जागांवर प्रत्येकी ०.०५ च्या पातळीवर चाचणी केली आणि कुठेच खरा फरक नसला, तरी सुमारे २,७३४ जागा ‘लक्षणीय’ ठरतील. म्हणून बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांच्या १९९५ च्या पद्धतीसारखी दुरुस्ती करावीच लागते. ती केली की यादी आखडते. आखडू द्या.

लेबल कोण लावते

आतापर्यंत आपण जनुकांच्या बाजूच्या चुका पाहिल्या. पण समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला एक लेबल असते: या व्यक्तीत ‘ऱ्हास आहे’ किंवा ‘नाही’. अभियांत्रिकीची मुले हे लेबल आकाशातून पडल्यासारखे स्वीकारतात. ते येते आकलनशक्तीच्या चाचण्यांतून.

२००७ पासून वापरात असलेल्या फ्रास्काती निकषांनुसार आकलनाची किमान पाच क्षेत्रे तपासायची आणि त्यांपैकी किमान दोन क्षेत्रांत व्यक्ती तिच्या वयाच्या व शिक्षणाच्या सरासरीपेक्षा किमान एक प्रमाण विचलन खाली असेल तर ऱ्हास धरायचा. दैनंदिन व्यवहारात अडचण नसेल तर तो लक्षणविरहित, थोडी असेल तर सौम्य. दोन प्रमाण विचलनांइतकी घसरण आणि व्यवहारात मोठी अडचण असेल तर स्मृतिभ्रंश. आता प्रसामान्य वितरण आठवा. निरोगी माणूस एका क्षेत्रात एक प्रमाण विचलनापेक्षा खाली असण्याची शक्यता सुमारे १६ टक्के. पाच क्षेत्रे परस्परस्वतंत्र धरली तर किमान दोनांत खाली असण्याची शक्यता साधारण १८ टक्के येते. क्षेत्रे खरे तर परस्परांशी निगडित असतात, त्यामुळे आकडा हलतो; पण काहीही आजार नसलेल्या बऱ्याच लोकांना लक्षणविरहित ऱ्हासाचे लेबल लागू शकते, या आक्षेपात तथ्य आहे.

त्यात भाषा येते. माझी मावशी जन्मापासून काशीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवाल्याशी भोजपुरी. मध्यंतरी विसरायला होते म्हणून तिची तपासणी केली. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे आठवतील तितकी सांगा, हिंदीत. ही चाचणी एचआयव्हीच्या अभ्यासांतही वापरतात. मावशी नऊवर थांबली आणि कागदावर ‘सरासरीपेक्षा कमी’ आले. घरी आल्यावर मला म्हणाली, “अगं, खार डोळ्यासमोर पळत होती, पण हिंदीत तिला काय म्हणतात तेच याद येईना. मग मुंगूसही तसंच अडलं.” मी घड्याळ लावले, म्हटले कुठलीही भाषा चालेल. सतरा नावे आली. (दुसऱ्या खेपेला सराव झालेला असतो, हे मान्य. पण सराव एवढा धरला तरी नऊ आणि सतरा यांत अंतर राहतेच.)

एका मावशीवरून नियम काढू नये. पुण्यात यावर नीट काम झाले आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नारी’त, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गटाबरोबर मराठी भाषकांसाठी आकलनचाचण्यांवर काम झाले. त्याच प्रयत्नातून रुजवी कामत आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मराठी-हिंदी द्विभाषकतेवर शोधनिबंध लिहिला. पुण्यातील १७४ मराठी भाषकांची मराठीतून चाचणी घेतली. त्यांचे हिंदी कमीअधिक चांगले होते. हिंदी जितके चांगले तितकी एका नियमावरून दुसऱ्यावर जाण्याची आणि चुकीची प्रतिक्रिया रोखण्याची कामगिरी चांगली दिसली. नामे आठवण्यातही तोटा होईल अशी अपेक्षा होती, तिथे फायदा दिसला. म्हणजे द्विभाषकता आडवीच येते असे नाही. पण ती निकाल हलवते, आणि प्रत्येक चाचणीत सारखाच हलवते असेही नाही. मग पुण्याच्या, काशीच्या किंवा बेळगावच्या माणसाला सॅन डिएगोच्या सरासरीशी ताडून लेबल लावले तर काय होईल, याचा विचार करा. २४ जणांच्या अभ्यासात दोघांची लेबले चुकली तरी जनुकांची यादी बदलते.

आपल्याकडचा विषाणू

एचआयव्हीचे अनेक उपप्रकार आहेत. अमेरिका आणि युरोपात मुख्यतः ‘बी’, भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मुख्यतः ‘सी’. वर सांगितलेल्या टॅट प्रथिनात तिसाव्या आणि एकतिसाव्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल लागोपाठ असते. ही जोडी मोनोसाइट पेशींना ओढून घेण्यास मदत करते. भारतातील बहुतेक सी विषाणूंमध्ये एकतिसाव्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन आहे आणि त्यामुळे ही ओढ दुबळी पडते, असे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले. पुढे २००८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत भारतीय सी विषाणूचा मेंदूवरील परिणाम बी विषाणूपेक्षा सौम्य दिसला. दक्षिण आफ्रिकेतील सी विषाणूंत मात्र ही सिस्टीनची जोडी अधिक वेळा शाबूत आढळते आणि तो मेंदूला जास्त त्रास देतो, असे २०१३ मध्ये दिसले. एका अमिनो आम्लाचा फरक.

म्हणून भारतीयांचा मेंदू सुरक्षित, असा निष्कर्ष काढायला जागा नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये उपचार सुरू न झालेल्या, सी विषाणूचा संसर्ग असलेल्या व्यक्ती तपासल्या गेल्या (२००७). निम्म्याहून अधिक जणांत सौम्य ते मध्यम कमतरता होती, पण स्मृतिभ्रंश नव्हता. पुण्यात आजार बराच पुढे गेल्यावर उपचार सुरू केलेल्या रुग्णांची आकलनशक्ती वर्षभराने पुन्हा तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामगिरी सुधारल्याचे दिसले. माझ्या दृष्टीने पणत्यांच्या प्रश्नाचे आपल्याकडचे सर्वांत जवळचे उत्तर हे आहे, आणि ते जनुकांच्या चकतीवरून नव्हे तर कागद-पेन्सिलीच्या चाचणीवरून आले. सगळ्या पणत्या विझल्या असत्या तर उजेड वाढला नसता. अमेरिकेतील २०११ च्या एका अभ्यासातही उपचार घेतलेल्यांच्या मेंदूतील जनुकांचे चित्र उपचार न घेतलेल्यांपेक्षा निरोगी मेंदूच्या अधिक जवळ आढळले. काही जनुके मात्र बिघडलेलीच राहिली होती.

जीएसई ३५८६४ मधील मेंदू अमेरिकेतील आहेत, म्हणजे प्रामुख्याने बी विषाणूच्या प्रदेशातले. सी विषाणूच्या माणसाचा मेंदू वाचायचा तर तो कोणीतरी दिलेला असावा लागतो. मृत्यूनंतर आरएनए तासातासाने खराब होत जातो, त्यामुळे संमतीचा निर्णय लवकर व्हावा लागतो. निम्हान्समध्ये १९९५ पासून मानवी मेंदू-ऊतींचे भांडार आहे. तिथवर पोहोचणारी कुटुंबे थोडी, आणि त्यात एचआयव्ही हा शब्द आला की घरचेसुद्धा कुजबुजीत बोलतात. काशीत तर लोक मरायलाच येतात. देह काही तासांत मणिकर्णिकेवर किंवा हरिश्चंद्र घाटावर जातो. मावशीपाशी मी हा विषय सहज काढला होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “देह द्यावा की नाही ते मला नाही सांगता येणार. पण मागणाऱ्याने माझ्या भाषेत मागावं.”

सराव

१. तुकड्यात १०० पेशी आहेत, त्यांपैकी ४० चेतापेशी. एका जनुकाच्या प्रत्येक चेतापेशीत ३० नकला आहेत, इतर पेशींत शून्य. रुग्णाच्या तुकड्यात एकूण ६०० नकला मिळाल्या. हे घडू शकेल अशा पेशीसंख्या आणि दर यांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या लिहा. प्रत्येक जोडीत उपचाराने किती नकला परत येऊ शकतील?

२. फ्रास्काती निकषांत पाचऐवजी सात क्षेत्रे तपासली आणि ती परस्परस्वतंत्र धरली, तर निरोगी व्यक्तीला चुकून लेबल लागण्याची शक्यता किती? (उत्तर ३१ टक्क्यांच्या आसपास यावे.) क्षेत्रे वाढवली की निदान अधिक काटेकोर होते, हे विधान यावरून तपासा.

३. जीएसई ३५८६४ उतरवून घ्या. व्यक्तीनुसार गट पाडून आणि न पाडता अशा दोन्ही प्रकारे प्रारूप चालवा, मग चोवीस जणांची लेबले पिसून पुन्हा चालवा. चारही आकडे एका तक्त्यात मांडा. तक्ता पाहिल्याशिवाय मी अहवाल वाचत नाही.